सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

काही घराण्यांत नथ पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, काहींत दमा. आमच्या घराण्यात गणिताची धास्ती चालत आलेली आहे, असे मी गेली कित्येक वर्षे चारचौघांत मोठ्या ऐटीने सांगत आलो आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हे वाक्य शोभूनही दिसते. ऐकणारे हसतात, एखादा टाळी देतो आणि हॉटेलातल्या बिलाची वाटणी करण्याची कटकट परस्पर दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडते. आपल्याला पोहता येत नाही हे माणूस जरा खाली मान घालून सांगतो; पण गणित येत नाही हे मात्र तो छाती पुढे काढून सांगतो. का, ते देव जाणे!

वास्तविक माझे ते वाक्य म्हणजे शुद्ध थाप होती. माझे आजोबा राजापूरकडच्या एका खेड्यातून वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईस आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. मागे कोणाचा आधार नव्हता की पुढे कोणाची ओळख नव्हती. कापडबाजारातल्या एका पेढीवर पडेल ते काम करीत करीत ते तिथे दिवाणजी झाले. पावकी, निमकी, औटकी त्यांच्या जिभेवर नाचत असत. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एका कचेरीच्या हिशेबखात्यात चौतीस वर्षे खातेवह्या राखल्या. रकान्यावरून नुसते बोट फिरवीत ते बेरीज करीत आणि बोट तळाशी पोचण्याच्या आत उत्तर तोंडात तयार असे. तेव्हा धास्ती चालत वगैरे काही आलेली नव्हती. तिचा मूळपुरुष मीच.

दहावीला मी गणितात काठावर पास झालो. अण्णांनी चष्मा लावून गुणपत्रिका पाहिली, तिची नीट घडी केली, ती कपाटात ठेवली आणि ते एक अक्षरही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा सूड मी कलाशाखेत जाऊन घेतला. पुढे एम. ए. झालो, नोकरी लागली, डोंबिवलीत दोन खोल्यांच्या तीन झाल्या. अण्णा आमच्याकडेच असतात. आम्हा दोघांत भांडण असे कधी झाले नाही. भाजी, पाऊस, पाणी किती वाजता जाणार, या विषयांवर आमचे उत्तम जमते. गणित हा विषय मात्र त्या कपाटातून कधी बाहेर आला नाही.

यंदा तो आला. त्याचे असे झाले.

आमची कन्या नववीत आहे. श्रावणात तिच्या वर्गशिक्षिकांनी मला शाळेत बोलावून घेतले आणि गणिताच्या चाचणीचा पेपर माझ्यापुढे ठेवला. वीसपैकी तीन. पण त्यांनी मला बोलावले होते ते गुणांसाठी नव्हे. गुणांखाली पालकांची सही होती, तिच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही सही तुमचीच ना?"

मी पाहिले. शेवटच्या अक्षराखाली मी जो फराटा मारतो तोसुद्धा तिने चुकवला नव्हता. त्या सहीत मला एकच दोष दिसला. तो म्हणजे ती मी केलेली नव्हती.

"हो, माझीच," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे जरा अधिकच वेळ पाहिले आणि पेपर परत घेतला. वीस वर्षे मुलांना सत्य, शिव, सुंदर शिकवणारा मनुष्य शाळेच्या जिन्यावरून कठड्याला धरून उतरला.

घरी आलो तो बरीच वाक्ये जुळवूनच. त्यांतली दोन-तीन बोलूनही झाली. लेक खाली मान घालून ऐकत होती. मग एकदम मान वर करून ती म्हणाली, "तूच तर सगळ्यांना सांगतोस ना बाबा, की आपल्या घरात गणित नाही म्हणून? मग मी कुठून आणू?"

माझी उरलेली वाक्ये घशातच राहिली. गॅलरीत खुर्चीवर बसलेले अण्णा उठले आणि भिंत धरीत आतल्या खोलीत निघून गेले. त्या रात्री आमच्याकडे कोणी नीट जेवले नाही. "आता तुम्ही तरी काही बोला," असे सौ. मला दोनदा म्हणाली. पण बोलायचे काय? पोरीने सही माझी उचलली होती, तशी भीतीही माझीच उचलली होती. दोन्ही हुबेहूब.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात स्टाफरूममध्ये माझा चेहरा पाहून गणिताच्या एका सहकाऱ्याने विचारले, "काय झालं?" एरवी मी त्याच्याशी सिनेमाखेरीज काही बोलत नाही. त्या दिवशी सगळे सांगून टाकले. त्याने उपदेश केला नाही. त्याने एक पाठकोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "तुझं जन्मसाल लिही."

मी १९७९ लिहिले.

"आता हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांड, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि पहिल्यातून दुसरी संख्या वजा कर."

९९७१ वजा १७९९. उत्तर ८१७२. "आता या उत्तराचं तसंच कर." ८७२१ वजा १२७८, उत्तर ७४४३. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सहाव्या खेपेस ६१७४. "अजून एकदा कर," तो म्हणाला. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४! मी पुन्हा केले. पुन्हा तेच. पंढरीला पोचलेल्या वारकऱ्यासारखी ती संख्या तिथून हलायलाच तयार नव्हती.

"कोणतीही चार अंकी संख्या घे," तो म्हणाला. "चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. मध्येच तीन अंकी उत्तर आलं, तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ६१७४ वर येते म्हणजे येतेच. हे कोणी शोधलं, ठाऊक आहे? देवळालीच्या एका शाळामास्तरांनी."

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव मी ऐकलेले नव्हते असे नाही. पण थोरामोठ्यांची नावे आपण पुतळ्याप्रमाणे ऐकतो; वळसा घालून पुढे जातो. त्या दिवशी मात्र मी ग्रंथालयात जाऊन बसलो. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस जन्म. शाळा ठाण्यास, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तिथे असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यापुढे पदवी नाही, संशोधनसंस्था नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस त्यांनी शाळेत मुले शिकवली आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी गप्पा मारल्या. ६१७४ चा हा गुण त्यांना १९४९ मध्ये सापडला आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या परदेशी नियतकालिकात तो छापून आला. इथल्या अनेक विद्वानांना हा सगळा पोरखेळ वाटे. पुढे मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले. १९८६ मध्ये वारले. त्यांचे जन्मसाल १९०५ घेऊन मी पायऱ्या मोजल्या. पुऱ्या सात भरल्या. १९४९ घेतले, पुन्हा सात! मास्तरांनी लांबची वाट धरली होती खरी.

आणि मला, मराठीच्या माणसाला, भुलवले ते त्यांनी ठेवलेल्या नावांनी. आपण बारशाला एक नाव शोधताना महिनाभर डोके खाजवतो. या गृहस्थांनी संख्यांच्या अख्ख्या कुळांची बारशी केली. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला, तर ती हर्ष देणारी म्हणून 'हर्षद'. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. अशा चढत्या-उतरत्या जिन्यासारख्या संख्यांच्या घराण्याला त्यांनी नाव दिले 'डेम्लो'. डेम्लो म्हणजे कोण? तर आमची डोंबिवली! जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या या स्टेशनावर त्यांना त्या संख्या सुचल्या. त्याच स्टेशनच्या फलाटावर मी इतकी वर्षे रोज सकाळी उभा राहतो. खिडकीजवळची जागा मिळेल का, यापलीकडे मला तिथे आजवर काही सुचलेले नाही.

आमची ६१७४ हर्षद आहे. सहा, एक, सात आणि चार मिळून अठरा. अठराने भागले की ३४३ येतात, म्हणजे सात सत्ते एकोणपन्नास, त्याची पुन्हा सातपट. त्याहून गंमत म्हणजे अठराचा घन, अठराचा वर्ग आणि खुद्द अठरा यांची बेरीज केली तरी ६१७४च येते. ५८३२, ३२४ आणि १८, करून पाहा. आणि एक खोडीही आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. असे ज्यांचे जमते त्यांना जग 'कापरेकर संख्या' म्हणते. आता ६१७४ म्हणजे 'कापरेकर स्थिरांक'. पण तिचा वर्ग ३,८१,१८,२७६. तो कुठेही तोडा, बेरीज ६१७४ होत नाही. घरच्या नावाने प्रसिद्ध असलेली ही लेक घरच्याच पंगतीत बसत नाही!

संध्याकाळी घरी आलो. लेक पुस्तक उघडून भिंतीकडे पाहत बसली होती. मी तिच्यापुढे कागद ठेवला. "मला गणितात काहीतरी समजलं आहे. तुला सांगू का?"

माझ्या तोंडी हे वाक्य तिने जन्मात ऐकले नसावे. ती नुसती पाहत राहिली. मग तिने आपले जन्मसाल २०१० घेतले. २१०० वजा १२, उत्तर २०८८. ८८२० वजा २८८, उत्तर ८५३२. ८५३२ वजा २३५८.

"सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर! बाबा, तुला सहा पायऱ्या लागल्या, मला तीनच!" कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "दर वेळचं उत्तर नऊच्या पाढ्यातलं आहे, पाहिलंत का?"

अण्णा कधी दारात येऊन उभे राहिले, आम्हाला कळलेच नव्हते. ते हळूहळू येऊन टेबलाशी बसले, कागद डोळ्यांजवळ नेला. "तेच अंक इकडचे तिकडे केले, की फरक नेहमी नऊने जातो. आमच्या खात्यात ताळेबंद जुळला नाही की आम्ही आधी हेच बघायचो. फरक नऊने गेला, की समजायचं, कोणीतरी ७२ च्या जागी २७ लिहिले आहेत. मग एकेक पान शोधत बसायचं. चौतीस वर्षं हेच तर केलं मी."

"नवाचा ताळा," मी म्हणालो. हा शब्द मला ठाऊक होता, कोशातून. माझ्या घरात तो चौतीस वर्षे जिवंत होता, हे ठाऊक नव्हते.

त्या रात्री मी त्या दोघांना 'स्वयंभू'ची गोष्ट सांगितली. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १५ मध्ये एक आणि पाच, म्हणजे सहा, मिळवले की २१ होतात; म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनक नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवले तरी २० होत नाहीत. अशी जी कोणापासून झालेली नाही, तिला मास्तरांनी म्हटले 'स्वयंभू'. देवळाच्या गाभाऱ्यातला शब्द त्यांनी वहीच्या पानावर आणून बसवला.

"मग ६१७४ स्वयंभू आहे का?" लेकीने विचारले.

मला ठाऊक नव्हते. आणि त्या क्षणी मला ते बिनदिक्कत सांगता आले.

दोघे कामाला लागले. चार अंकांची बेरीज छत्तिसाच्या वर जात नाही. तेव्हा ६१७४ ला जनक असलाच तर तो मागच्या छत्तीस संख्यांतच सापडणार, हे तिचे तिलाच सुचले. ती ६१३८ पासून एकेक लिहू लागली, तसे अण्णा म्हणाले, "सगळ्या कशाला? संख्येला नऊने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेची. दोन्ही मिळवल्या तर बाकी दुप्पट. आता ६१७४ मध्ये बाकी उरत नाही, म्हणजे जनकातही उरता कामा नये. नऊच्या पाढ्यातल्या तेवढ्या बघ." ६१३८, ६१४७, ६१५६, ६१६५. चारच उरल्या. मी पलीकडे बसून पाहत होतो. अण्णा पुढचे सांगत नव्हते. उत्तर त्यांना केव्हाच कळले असावे; पण ते पेन्सिल हातात धरून नुसते वाट पाहत होते.

"६१५६!" ती ओरडली. "सहा, एक, पाच, सहा अठरा. आणि अठरा मिळवले की ६१७४!" मग तिला तेवढ्यावर राहवेना. ६१५६ चा जनक कोण? ६१३८. पुन्हा अठराच. आणि ६१३८ चा? ६१०२, ६१११, ६१२०, ६१२९; एकही जमेना. तिने दोनदा तपासले, अण्णांनी एकदा तपासले.

"म्हणजे ६१३८ स्वयंभू!" ती म्हणाली. "बाबा, ६१७४ चे आजोबा स्वयंभू आहेत!"

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, अंगरखा आणि काळी टोपी घातलेला. अण्णांनी एकदा तिकडे पाहिले. मग कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या जुन्या वळणदार अक्षरात चार आकडे एकाखाली एक मांडले. ६१३८, ६१५६, ६१७४ आणि तळाशी, ६१७४ मध्ये अठरा मिळवून, ६१९२. त्या शेवटच्या आकड्यापुढे त्यांनी नातीकडे बोट केले.

लेक झोपायला गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. अण्णा कागदाची घडी घालीत म्हणाले, "तुझ्या वेळी माझी एक चूक झाली. तू आकडा मांडायचास आणि मी उत्तर सांगून टाकायचो. घाई असायची. वाटायचं, याला इतकंही कसं येत नाही! तुला वजाबाकी मी कधी करूच दिली नाही."

"पण गुणपत्रिका पाहून तुम्ही काही बोलला नाहीत," मी म्हणालो. तीस वर्षांनी.

"काय बोलणार? चूक कोणाची, ते कळलं होतं."

गणिताच्या सहकाऱ्याने मला नंतर ६१७४ चे मर्मही समजावून सांगितले. त्या वजाबाकीत फक्त दोनच फरक मोजले जातात: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला एक, मधल्या दोघांतला दुसरा. पहिल्याची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट, की झाले उत्तर. अशा फरकांच्या जोड्या अवघ्या ५४ होतात. म्हणजे चार अंकी ८,९९१ संख्यांचा जमाव पहिल्याच पायरीवर ५४ संख्यांत गोळा होतो आणि तिथून सगळ्या वाटा एकाच गावाला जातात. मला ते समजले, याचे मला अजून नवल वाटते. पण त्याहून अधिक मला समजले ते दुसरेच. भीती ही काही स्वयंभू संख्या नव्हे. माझ्या लेकीच्या भीतीचा जनक मी होतो. माझ्या भीतीचा जनक अण्णांची घाई होती. आणि एवढी सगळी वर्षे मी ती देवघरातल्या शाळिग्रामासारखी, आपोआप प्रकट झालेली म्हणून, चारचौघांत मिरवत होतो. ते वाक्य मी आता बोलत नाही. हॉटेलातल्या बिलाची वाटणीही मीच करतो. दोनदा चुकलो आहे.

शाळेत जाऊन बाईंना खरे काय ते सांगून आलो. बरोबर लेकही होती. त्या रागावल्या, पण बेताने; आणि पोरीवर कमी, माझ्यावर अधिक. ते योग्यच होते.

नवरात्र संपता संपता दुसऱ्या चाचणीचे पेपर मिळाले. वीसपैकी अकरा. चमत्कार वगैरे काही घडलेला नाही. एक उदाहरण तर हातचा विसरल्यामुळे गेले आहे आणि त्याबद्दल अण्णा दोन दिवस हळहळत आहेत. संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो, तिथे येऊन तिने पेपर माझ्यापुढे ठेवला, वर पेन ठेवले.

"या वेळी तू कर," ती म्हणाली.

मी सही केली. हात जरा हलला असावा. तिने पेपर उचलून दिव्यापाशी नेला, डोळे बारीक करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली,

"बाबा, ही काही तुझ्या सहीसारखी दिसत नाही हं! तो खालचा फराटा चुकलाय."